भवानीचा फोटो

आमच्या आईचे जे फोटो नीट आले आहेत, त्यांत आई नाही. पदर खांद्यावर टाचून, ओठ मिटून, श्वास रोखून उभी असलेली कोणी बाई त्यांत आहे. खरी आई आहे ती जळालेल्या फोटोंमध्ये. एका बाजूला नुसता पांढरा उजेड आणि त्या उजेडाच्या काठावर आई. कुणाला तरी हाक मारणारी, कपाळावरची बट मनगटानं मागे सारणारी, बाबांवर वैतागलेली. असे फोटो आमच्या घरी पुष्कळ होते आणि त्यांतला एकही कधी अल्बमात लागला नाही.

ह्याला कारण भवानी. देवी नव्हे, दुकानातली. बाबांचं कसबा पेठेत शिवणसामानाचं दुकान होतं. बटणं, हुक, लेस, दोऱ्याची रिळं, अस्तराचं कापड. वर दोन खोल्यांत आम्ही राहायचो. सकाळी पहिलं गिऱ्हाईक आलं आणि त्यानं शर्टाची चार बटणं जरी नेली, तरी ते पैसे बाबा कपाळाला लावून गल्ल्यात टाकत. ही झाली भवानी. ती होण्याआधी कुणी उधारीवर मागायला आलं तर बाबा चष्म्यावरून असे बघत की तो माणूस मुकाट्यानं रोख देऊन जाई. पुढे त्यांनी एक जुना कॅमेरा विकत घेतला आणि हाच नियम कॅमेऱ्यालाही लागू झाला. नवा रोल घातला की पहिला फोटो घरच्या लक्ष्मीचा. देव, पाहुणे, मुंजी, सहली, सगळं त्याच्यानंतर.

आता गंमत अशी की रोलची सुरुवातीची शेपूट कॅमेऱ्यात अडकवताना उजेडात येते आणि जळते. म्हणून झाकण लावल्यावर दोनदा खटका ओढून तेवढी फिल्म पुढे घालवायची आणि मगच फोटो काढायचे, हे स्टुडिओच्या मालकांनी बाबांना किती वेळा तरी सांगितलं होतं. बाबा एकदाच ओढत. दोनदा ओढलं की एक फोटो फुकट गेला. छत्तीसच्या रोलमधून सदतीस काढणं हा त्यांना व्यापारातला विजय वाटे, आणि तो वरचा एक, मानाचा, आईचा. मान मोठा, जागा मात्र नेमकी जळणारी. हे त्यांच्या लक्षात आलं नसेल असं मला वाटत नाही. दर वेळी 'ह्या खेपेला येईल' असं वाटत असणार. दुकानदार माणूस त्याच भरवशावर रोज फळ्या काढतो.

रोल घालायचा सोहळा सहसा दुकानाच्या पायरीवर व्हायचा, कारण बाबांना नीट दिसायचं ते तिथंच. कॅमेऱ्याच्या चामडी पिशवीला घामाचा आणि पावडरीचा मिळून एक वास होता. पिशवीचं बटण उघडताना टप्प असा आवाज यायचा आणि मी असेन तिथून पळत यायची. नव्या फिल्मचा वास थोडा औषधाचा, थोडा नव्या पुस्तकाचा. बाबा जीभ दातांत धरून ती शेपूट खाचेत अडकवायचे आणि ती सुटू नये म्हणून अंगठ्यानं दाबून ठेवायचे. स्टुडिओवाल्यांची आणखी एक तक्रार हीच होती. "शेठ, फिल्मला बोटं लावू नका. ठसे उमटतात." बाबा "हो हो" म्हणायचे. पुढच्या रोलला अंगठा पुन्हा तिथंच.

मग आईला हाक.

"अहो, कढईत तेल तापलंय माझं."

"एक मिनिट उभी राहा गं. भवानी करू दे."

"करा. नाही तरी येणार नाहीच आहे."

येणार नाही हे माहीत असल्यामुळे ती कधी नीट उभीच राहिली नाही. हातात झारा तर झारा, ओचा खोचलेला तर खोचलेला. खडकवासल्याच्या कडेला बसून कणसाचे दाणे सोलतानाची एक आहे. वाऱ्यानं तिचे केस उडालेत आणि मागचं पाणी सगळं पांढऱ्यात गेलंय. आकाशकंदिलाच्या खळीनं माखलेली बोटं अधांतरी धरून बसलेली एक आहे. संक्रांतीला काळी साडी नेसलेली, हलवा चाखताना तोंड वाकडं केलेली एक आहे. एक रोल संपायला आम्हांला निम्मं वर्ष लागायचं, त्यामुळे एका पाकिटात गुढीपाडवा आणि दसरा शेजारी शेजारी यायचे, आणि पाकिटाच्या तोंडाशी अर्धी आई.

मी तेव्हापासूनच काळजीखोर. गॅस बंद केला का बघायला जिन्यावरून परत वर येणारी. पाकीट उघडताना मला दर वेळी भीती वाटायची की ह्या वेळी आई पूर्णच जळालेली असेल. तो पांढरा उजेड दर रोलला थोडा थोडा तिच्याकडे सरकतोय असंच वाटायचं मला. तसं काही नव्हतं. पण काळजीला कारण लागतंच असं नाही.

ह्या सगळ्यांत सर्वांत पहिला फोटो मात्र वेगळा होता. माझ्या जन्माआधीचा, कॅमेरा घरात आला त्या दसऱ्याचा. बाबांनी हट्टानं त्याची प्रिंट काढून घेतली होती. ती आई कपाटात, पैठणीच्या घडीखाली ठेवायची. उजव्या बाजूला दुकानाच्या चौकटीचं तोरण, झेंडू, आणि आई. ती कमरेत वाकलेली आहे आणि डाव्या बाजूला, खाली बघून मनापासून हसते आहे. तिचा एक हात पुढे गेलाय आणि कोपराच्या पुढे तो नाहीसाच होतो. पुढे नुसतं पांढरं. लहानपणी मी तो फोटो चोरून काढायची आणि विचार करायची, ही कशाला हसते आहे. पांढऱ्याला?

त्या पांढऱ्यात माझी बहीण होती. सुमी. दीड वर्षाची.

तिच्या पायांत जोर नव्हता म्हणे. त्याच थंडीत ती गेली. कशानं गेली हे आमच्या घरात कधी कुणी नीट सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तिचा दुसरा फोटो नाही. त्या दसऱ्याच्या रोलमध्ये दुकानाची पूजा आहे, तराजू आहे, काका आहेत, बटणांच्या बरण्या तर तीन निरनिराळ्या बाजूंनी आहेत. भवानी झाल्यावर सुमी झोपली, ती उठेपर्यंत रोल संपला. "पुढच्या रोलला घेऊ," बाबा म्हणाले. पुढचा रोल घातला तो माझ्या बारशाला.

आईचं म्हणणं एकच होतं. त्या दिवशी सुमी उभी राहिली. दुकानाच्या पायरीवर, स्वतःच्या पायांवर. आत्या म्हणायची, "वहिनी, ती कधी उभी राहिलीच नाही. तुमच्या मनाचे खेळ आहेत." आत्या वाईट नव्हती. तिला वाटायचं, आईनं असल्या गोष्टी उगाळत बसू नये. मग आई बाबांकडे वळायची.

"तुम्ही तर समोर होतात. सांगा ना."

"मी आकडा बघत होतो गं, कॅमेऱ्याचा, कितवा फोटो आहे तो."

बाबा खोटं बोलत नसत, एवढाच त्यांचा दोष. 'हो' म्हणाले असते तर काय बिघडलं असतं असं मला पुष्कळदा वाटलंय. ते गेले तेव्हाही ही गोष्ट तशीच राहिली. आई त्यांच्या फोटोला हार घालताना कधी कधी बोलायची, त्यात एकदा मी ऐकलं, "आकडा बघत होते म्हणे."

आता दुकान विकलं त्यालाही बरीच वर्षं झाली. आई माझ्याकडे कोथरूडला असते. गेल्या वर्षापासून तिच्या डोळ्यांचं सुरू झालं. मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. पेपरातला शब्द धरून बघायला गेलं की तोच पुसला जातो. डोळ्यांत इंजेक्शनं चालू आहेत. डॉक्टर चांगले आहेत, पण 'आहे तेवढं टिकवू' ह्यापलीकडे काही बोलत नाहीत. आईला आता कुणाला बघायचं असेल तर ती दुसरीकडे बघते. माझा चेहरा बघायला भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करते. मला अजून त्याची सवय झालेली नाही. आपल्याशी बोलता बोलता आई नजर फिरवते आणि मी बोलायची थांबते, मग लक्षात येतं की ती आपल्याकडेच बघते आहे.

तिच्या न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेतला, तेव्हा माळ्यावरचं सामान खाली काढलं. त्यात बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला. आत बटर पेपरच्या पाकिटांत निगेटिव्हच्या पट्ट्या, एकीवर एक. झाकण उघडलं तर लोणच्याची बरणी उघडल्यासारखा आंबट वास. फिल्म जुनी झाली की असा वास सुटतो आणि ती वळायला लागते, हे मी मोबाईलवर वाचलं आणि माझी झोप गेली. इकडे आईचे डोळे, तिकडे ही फिल्म. आधी काय जातंय त्याची शर्यतच लागली होती.

आई म्हणाली, "जुने फोटो नीट करतात म्हणे आता. त्या मोबाईलवर."

"करतात."

"मग तो बघ जरा विचारून." कोणता, ते तिनं सांगितलं नाही. "मला चेहरा वगैरे नको. उभी आहे का, तेवढं बघायचंय मला. दिसतंय तोवर."

नारायण पेठेत एका जुन्या इमारतीत ईशा नावाची मुलगी हे काम करते. तिशीची असेल, चष्मा केसांत खोचलेला, समोर भला मोठा पडदा. निगेटिव्ह हातात घेताना तिनं पातळ हातमोजे घातले तेव्हा मला ती आवडली. मी तिला फोनवर सगळं सांगितलं होतं, तिथं पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, "डोंट वरी काकू, मस्त करून देते."

काळजी करू नका असं कुणी म्हटलं की मी अधिक करते. चार दिवसांनी दुपारी फोन वाजला आणि फोटो आला.

तोरण, झेंडू, आई. आईचा हात कोपरापाशी न थांबता पुढे गेलेला, आणि त्याला धरून एक मुलगी उभी. गुबगुबीत गाल, कुरळे केस, डोळे थेट माझ्याकडे. घेरदार फ्रॉक, पायांत पांढरे बूट. मागे दुकानाच्या फळ्या इतक्या स्वच्छ की आमच्या दुकानाच्या कधीच नव्हत्या. ती मला फार आवडली. मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. ही माझी मोठी बहीण, असं मी तिच्याकडे बघून मनात म्हणूनसुद्धा झालं.

"आला का?" आईनं आतून विचारलं.

"नाही गं. बँकेचा मेसेज आहे."

का खोटं बोलले ते मला तेव्हा कळलं नाही. बुटांमुळे असेल. पायांत जोर नसलेल्या मुलीला इतके ताठ पांढरे बूट कोण घालेल, आणि दसऱ्याच्या सकाळी पूजा मांडलेल्या दुकानात बूट घालून कोण उभं करेल. फोटो मोठा करून करून बघितला. जितका मोठा करावा तितकी ती गोड दिसे आणि तितकी ती आमची वाटेना. वाईट ह्याचं की मला डोळे मिटले की आता तीच दिसायला लागली. मी सुमीला कधी बघितलेलं नाही. माझ्याजवळ तिची जागा होती, चेहरा नव्हता. त्या जागेवर ही येऊन बसली आणि हलेना. माझं असं झालं तर आईचं काय होईल? तिच्याजवळ तर खरा चेहरा होता. तो ह्या पोरीनं पुसून टाकला तर?

दुसऱ्या दिवशी मी नारायण पेठेत.

"ईशा, ह्यातलं खरं किती गं?"

"रिअल म्हणजे, आजींची साईड पूर्ण रिअल आहे. लेफ्टचं सगळं जनरेट केलंय. तिथे इतकं बर्न झालंय ना काकू, म्हणून मी एआयला सांगितलं, लहान मुलगी, उभी आहे, जुना काळ. त्यानं मस्त दिलं."

"उभी आहे, हे तू सांगितलंस त्याला?"

"तुम्हीच म्हणालात ना?"

म्हणाले होते. "आणि बसलेली आहे असं सांगितलं असतं तर?"

"तर बसलेली आली असती."

आम्ही दोघी त्या पडद्याकडे बघत राहिलो. ती मुलगी आमच्याकडे बघत होती. आई खूश झाली असती, ह्यात शंका नाही. कडेच्या नजरेला ते पांढरे बूट नक्की दिसले असते. पण असल्या फोटोनं आत्याला काय उत्तर मिळालं असतं? आत्या आता नाही, पण आईच्या मनात अजून आहे ना.

"ईशा, मला काही भरून नको. त्या जळक्या भागात जे असेल तेवढंच वर काढ. काही नसेल तर काही नसू दे."

"ते खूप डल येईल, काकू. तुम्ही डिसअपॉइंट व्हाल."

"आमच्या घरात त्याची सवय आहे," मी म्हटलं.

तिनं वेळ मागून घेतला. निगेटिव्हमागून निरनिराळा उजेड देऊन पुन्हा पुन्हा स्कॅन करावं लागेल म्हणाली. तो आठवडा मी कसा काढला विचारू नका. कुकरच्या शिट्ट्या मोजायची विसरले. आईच्या डोळ्यांत घालायचे थेंब एकदा माझ्याच डोळ्यांत घालायला निघाले होते. इतकी वर्षं एक बाई एक गोष्ट सांगते आहे, आणि मी तिच्या बोलण्याची परीक्षा घ्यायला बसले होते. काही निघालं नाही तर ठीक. पण आईनं सुमीला काखेत धरून उचललेलं निघालं तर? पाय नुसते लोंबताना निघाले तर? जळालेल्या फोटोचा एक मोठा फायदा असतो, त्यात काहीही असू शकतं. ईशाला फोन करून राहू दे म्हणून सांगावं असं रोज वाटायचं. मग आई सकाळी खिडकीशी बसून आपल्या हाताची बोटं डोळ्यांसमोर धरून बघायची, आज किती दिसताहेत ते. ते बघितलं की मी फोन खाली ठेवायची.

एका दुपारी उगाचच कसब्यात गेले. आमच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं मिळतात. बरण्यांच्या जागी चकचकीत पुठ्ठे लटकलेत. दोऱ्यांचा तो कोंदट, सुती वास गेला. सकाळी बाबा बटणांची बरणी परातीत ओतायचे तेव्हा पाऊस लागल्यासारखा आवाज व्हायचा, तो मला त्या गल्लीत अजून येतो की काय म्हणून मी उभी राहिले. पायरी मात्र तीच आहे. मधोमध झिजलेली.

"काय पाहिजे, काकू?" दुकानदारानं विचारलं.

"काही नाही. पायरी बघतेय."

"दगडी आहे," तो म्हणाला आणि पुन्हा मोबाईलमध्ये गेला.

पायरी तळहाताएवढीच उंच. इथं एक मूल उभं होतं किंवा नव्हतं. दगडाला विचारण्यात अर्थ नव्हता. मी रिक्षा करून घरी आले.

शेवटी ईशाचा फोन आला. "काकू, या. फोनवर पाठवत नाही."

मी पोचले तेव्हा पडद्यावर नुसतं धुकं होतं. करडं, दाणेदार. वरच्या भागात काहीच नाही, चेहऱ्याच्या जागी पांढरा गोळा आणि त्यावर रिबिनीचं एक टोक. "वरचं गेलंय," ती म्हणाली. "काहीच डेटा नाही तिथे. पण हे खाली बघा." तिनं पेन फिरवलं. तळाशी धुकं एका ठिकाणी पातळ झालं होतं, लांबट गोल आकारात, आणि त्या गोलात एक छोटं जग होतं. "रोल लोड करताना इथे कोणाचा तरी अंगठा होता फिल्मवर. चांगला दाबून धरलेला. तेवढ्यावर उजेड कमी पडला. फोटो फिल्मवर उलटा असतो ना, म्हणून वरचा अंगठा खाली आला. हे बघा, ठसापण आहे."

ठशाच्या वळणावळणाच्या रेघांमधून मला दोन पाय दिसले. उघडे. एका घोट्यात वाळा. मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"हे तू काढलेलं नाहीस ना?"

"नाही, काकू."

"मशीननं?"

"नाही. हे फिल्मवर आहे." मी आणखी एकदा विचारलं, आणि तिनं न रागावता आणखी एकदा सांगितलं. मग तिनं त्याची मोठी प्रिंट काढून दिली, पुठ्ठ्याच्या नळकांड्यात घालून. रिक्षात ते नळकांडं मी मांडीवर आडवं धरलं होतं, आणि प्रत्येक खड्ड्याला ड्रायव्हरला सांगत होते, हळू.

आई खिडकीशीच होती. मी टेबलावर प्रिंट पसरली, कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या. तिनं कॅलेंडरकडे तोंड फिरवलं आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायला लागली. बराच वेळ बघत होती. मान थोडी इकडे, थोडी तिकडे.

"हे धुकं कसलं?"

"जळालेलं आहे ते. चेहरा नाही आला गं आई."

"तो नकोच होता. तो आहे माझ्याकडे." तिनं हातानं चाचपडून प्रिंटचा खालचा काठ शोधला. "पाय सांग मला. नीट दिसत नाहीयेत. मी बघायला गेले की जातात."

"दोन्ही पाय पायरीवर आहेत. पूर्ण टेकलेले. एका पायात वाळा आहे."

"डाव्या. उजव्यातला ती काढून टाकायची." तिचं बोट काठावरून पुढे सरकलं. "आणि?"

आणि इथं मला गप्प बसता आलं असतं. अंगठ्याच्या त्या गोलाच्या अगदी वरच्या काठाला, धुक्यात अर्धं बुडालेलं, आणखी काही तरी होतं. ईशाच्या पडद्यावर मी ते बघितलं होतं आणि येताना सबंध रस्ता मला त्याचीच धाकधूक होती. आत्या एवढंच धरून बसली असती. पण बाबा खोटं बोलत नसत आणि तो दोष माझ्यातही उतरलाय.

"तुझा हात आहे," मी म्हटलं. "हात धरलाय. अगदी एकटी नाही उभी ती."

आईचं तोंड कॅलेंडरकडेच होतं. बाहेर भाजीवाल्याची हाक येऊन गेली. मला वाटलं, झालं. आपण हे करायला नको होतं. इतकी वर्षं तिच्याजवळ एक गोष्ट धड होती, तीही आपण माळ्यावरून काढून मोडली.

"नीट बघ," आई म्हणाली. "मी तिला धरलंय, का तिनं मला धरलंय?"

मी वाकले. कागदाला नाक लागेपर्यंत वाकले. दाणे दाणे, रेघा रेघा. आईचा हात खाली आलेला. त्याची बोटं उघडी, सैल, सोडून दिल्यासारखी. आणि त्यांतल्या एका बोटाभोवती एक मूठ. सुपारीएवढी. घट्ट.

"तिनं धरलंय," मी म्हटलं. "तुझं एक बोट. तुझी बाकीची बोटं उघडी आहेत."

"मग उभीच होती," आई म्हणाली.

तिनं श्वास सोडला तो मला ऐकू आला. रडेल असं वाटलं होतं, पण रडली नाही. तिनं तो काठ बोटांनी पुन्हा चाचपला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. रडत होते ती मी. मग मी तिला अंगठ्याचं सांगितलं, बाबांच्या, आणि एवढं सगळं जळून तेवढंच कसं वाचलं ते.

"सगळे सांगून थकले त्यांना, बोट लावू नका म्हणून," ती म्हणाली. "ऐकलं का कधी?"

मी वाट्या उचलल्या आणि प्रिंट गुंडाळायला लागले. आई खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठली. भिंतीवर बाबांचा फोटो आहे, दुकानातला, चष्म्यावरून बघणारा. तिनं खिडकीकडे तोंड केलं, म्हणजे ती त्यांच्याकडे बघत होती.

"गुंडाळू नकोस," ती म्हणाली. "ह्यांच्या समोरच्या भिंतीवर लाव. त्या दिवशी बघायचं राहिलं होतं त्यांचं."